उताराची थरथर

दर सोमवारी सकाळी पल्लवी शेडगे तांबडीला जेवायला घालायची. जेवण साधंच असे: कोमट पाण्यात विरघळवलेला गूळ, त्यात बारीक दळलेला लोहचूर आणि चिमूटभर जस्त. बॉनेट उघडायचं, डाव्या बाजूच्या पितळी नळकांड्यात ते हळूहळू ओतायचं आणि कान लावून थांबायचं. आत बुडबुड झाली की समजायचं, पोटात गेलं. मग बॉनेटवर दोन थापा मारून पल्लवी स्वतःचा चहा घ्यायला आत जायची.

तांबडी म्हणजे जीप. कधीकाळी ती तांबडी होती, आता उन्हापावसाने तिचा रंग विटकरीच्या तुकड्यासारखा झाला होता. चारही चाकांना जोर असलेली, वयाने पल्लवीच्या थोरल्या लेकीएवढी. तशा गाड्या बनवणं केव्हाच बंद झालं होतं. खाली पाटणमध्ये आता बिनचालकाच्या गाड्या मुंगीसारख्या एकामागे एक चालत. पण घोडेमाळाच्या पठारावर येणारा घाटरस्ता दर पावसाळ्यात नवा आकार घेई, आणि काल होता तो रस्ता आज नाही हे त्या हुशार गाड्यांना पटत नसे. त्या पायथ्याशीच थांबून रडका आवाज काढत. त्यामुळे पठारावरची माणसं जुन्या जीपा जपत. त्यांना कुठलं गॅरेज घेत नव्हतं, सुटे भाग मिळत नव्हते. जे करायचं ते घराच्या पडवीत, आपल्या हाताने.

हे जमत होतं ते विरजणामुळे.

कराडच्या धातुपेढीत, म्हणजे ते जिथे तयार होई त्या प्रयोगशाळेत, त्याला 'सांधजीव' म्हणत. डोळ्यांना न दिसणारे हे जीव धातूच्या केसाएवढ्या भेगांतून राहतात, गूळ खातात आणि लोखंडाचे कण वाहून नेतात. जिथे झीज झाली तिथे भर घालतात, जिथे घासतंय तिथे थोडं खरवडतात. पठारावरच्या बायकांनी एक वाटी आणायची आणि शेजारणीला वाटीभर द्यायची, असं ते दह्यासारखं पसरलं, म्हणून नावही विरजण पडलं. आधी कुणाचा विश्वास बसला नव्हता. मग कुणाच्या तरी जीपच्या चासीची चीर दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आपोआप बुजली, तेव्हा बसला.

"हाडासारखं आहे हे," पेढीतल्या डॉ. शमा मुल्ला लोकांना समजावून सांगत. "पैलवानाच्या दंडाचं हाड जाड का होतं? रोज जोर पडतो म्हणून. हाडाला डोकं नसतं. पण जोर कुठे पडतो हे त्याला कळतं. तुमच्या गाडीलाही तेवढंच कळतं."

पल्लवीने पाना धरायला शिकवणी लावली नव्हती. लग्न होऊन पठारावर आली, जीप बंद पडली, नवऱ्याला मधमाश्यांशिवाय कशातलं काही कळत नाही हे ध्यानात आलं आणि तिने स्वतःच बॉनेट उघडलं. पुढे तिने तांबडीचं इंजिन उसाच्या स्पिरिटवर आणलं, मागे मधाच्या बरण्यांसाठी कप्पे ठोकले, रणधीरच्या लांब पायांसाठी सीट मागे सरकवली. जीपमध्ये कंपनीचं काय उरलं आणि पल्लवीचं काय, हे आता कंपनीलाही सांगता आलं नसतं.

आणि अशा या बाईला गेली दोनेक वर्षं एक बिघाड सापडत नव्हता.

तांबडी उतारावर थरथरायची. फक्त उतारावर. घरापुढच्याच वळणावर घाट सुरू झाला की स्टीअरिंग हाताखाली बारीक कापू लागे, मागे मधाच्या बरण्या किणकिणू लागत, आणि पायथा येईपर्यंत रणधीरच्या मनगटांना मुंग्या येत. परत येताना चढावर मात्र जीप लोण्यासारखी.

उतार रणधीरचा आणि चढ पल्लवीचा, ही त्या घरची रीत होती. ती पडली याला कारण रणधीरचं जेवण. सकाळी माल भरून तो जीप खाली नेई. बाजार झाला की पाटणमधल्या ठरलेल्या खानावळीत बसे आणि असा जेवे की त्यानंतर त्याच्या हाती जीप देणं म्हणजे दरीला आमंत्रण. तेव्हा परत आणायची पल्लवीने. लग्नानंतरच्या पहिल्याच बाजाराला हे ठरलं आणि कुणी कधी बदललं नाही.

"पुढच्या अॅक्सलला माल झेपत नाही," पल्लवी म्हणाली आणि अॅक्सल उतरवला. बेअरिंग बदलली, बुश बदलले, ग्रीस भरलं. मग नेहमीप्रमाणे स्वतः बसून पठारावर एक चक्कर मारली. लोण्यासारखी.

पुढच्या बाजाराला रणधीर उतरला आणि थरथर तशीच.

मग तिने टाय रॉड काढले. मग ब्रेकचे ड्रम घासले. मग बरण्यांची जागा बदलली. दर वेळी पठारावर तिची चक्कर सुरळीत, दर वेळी उतारावर रणधीरचे हात बधिर.

"अहो, एक विचारू?" एकदा जीपखालूनच पल्लवी म्हणाली. फक्त तिचे पाय बाहेर दिसत होते.

"विचार."

"जीप थरथरते, की तुम्ही?"

"म्हणजे?"

"म्हणजे वय झालं तुमचं. माझ्या हातात नाही ती थरथरत."

"तू उतारावर चालवतेस कुठे?"

"मला काय गरज? मी चढते."

रणधीर भांडला नाही. त्याला राग आला की तो पेट्यांकडे निघून जाई आणि माश्यांशी बोलत बसे. त्या दिवशी तेवढं केलं. पण पल्लवीने पाठ सोडली नाही. शेवटी पाटणच्या डॉक्टरांकडे नेलंच. डॉक्टरांनी त्याला दोन्ही हात पुढे करायला लावले आणि त्यांवर एक कोरा कागद ठेवला.

"कागद हलला नाही," बाहेर येऊन रणधीरने सांगितलं. "पान पडल्यासारखा पडून होता. डॉक्टर म्हणाले, या वयात असे हात मी पाहिले नाहीत."

"डॉक्टरांचं वयही झालंय," पल्लवी म्हणाली. पण त्यानंतर तिच्याकडे काढायला काही उरलं नव्हतं, आणि दोघं तांबडीला घेऊन कराडला गेली; घाट रणधीरने उतरवला, पायथ्यापासून पुढे पल्लवीने चालवली.

धातुपेढीच्या मागे सिमेंटचं मोठं सपाट अंगण होतं. डॉ. शमा मुल्ला तिथे उभ्या होत्या. लेकीच्या वयाची मुलगी, ओढणी कमरेला खोचलेली, कानामागे पेन्सिल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही एक फेरी मारा."

रणधीर बसला. अंगणात ना उतार, ना माल. तरी स्टीअरिंग थरथरलं.

"इथे उतार कुठाय?" पल्लवी म्हणाली. आपण इतके दिवस काय खोलत होतो, असा विचार तिच्या मनात पहिल्यांदा डोकावला.

"चढताना कोण चालवतं?" शमाने विचारलं.

"मी."

"आणि उतरताना?"

"हे."

"कधी उलट?"

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं.

"ह्यांचं जेवण जरा जास्त होतं," पल्लवी म्हणाली.

शमा हसली. "आता तुम्ही बसा, काकू."

पल्लवी बसली. तांबडी शांत झाली. अंगणाला दोन वळसे घालून ती उतरली आणि शमा स्वतः बसली. जीप थरथरली. शमाने ती लगेच थांबवली, पण उतरायची घाई केली नाही. स्टीअरिंगवर तळवा ठेवून ती काही वेळ तशीच बसून राहिली.

पल्लवीचा चेहरा फुलला होता. "बघा. म्हणजे तिला माझाच हात लागतो. खाऊ घालते ना मी."

"हो काकू," शमा म्हणाली. "तुमचाच लागतो."

ती उतरली आणि दोघांना आत घेऊन गेली. स्टीअरिंगच्या दांड्याचा एक पातळ काप तिने काचेखाली ठेवला. झाडाच्या बुंध्यात दिसावेत तसे त्यात थर दिसत होते, एकात एक गुंफलेले, कंगव्याच्या दातांसारखे.

"हे कंपनीने केलेलं नाही. विरजणाने वाढवलंय. हे दात सेकंदाला चार-पाच वेळा थरथरायला बनलेत. इंजिनाची थोडी घरघर घेतात आणि तिच्यातून स्टीअरिंगला बारीक झटके देतात. अगदी ठरलेल्या चालीने."

"पण का?" रणधीरने विचारलं.

"कारण त्या चालीची थरथर वरून येत होती. चाकांकडून येते ती खडबडीत असते, कधी कमी कधी जास्त. ही वरून येत होती, रोज, एकाच लयीत. विरजणाला वाटलं, ही झीज आहे. त्याने उलटी थरथर तयार केली. दोन्ही भेटल्या की शून्य."

"वरून म्हणजे?" पल्लवीने विचारलं. विचारताना तिला उत्तर कळलं होतं, पण काही प्रश्न तोंडातून निघून गेल्यावर मागे घेता येत नाहीत.

शमाने तिच्या हातांकडे पाहिलं नाही. बघायचं टाळलं. "काठीला ओझं अडकवून दोघं जण चालले, की थोड्या वेळाने पावलं आपोआप जुळतात ना काकू? तसं तुमचं आणि तिचं जुळलंय. तुमचा हात कापतो, ती उलटी कापते. तुम्हाला दोघींनाही कळत नाही. पण दुसरा कुणी बसला, की तिचा एकटीचा कंप उरतो. काकांच्या हातात येतो तो तुमचा कंप आहे. फक्त उलटा."

पल्लवीने स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले.

"किती दिवस?" पल्लवीने विचारलं.

"थरांवरून दोन पावसाळे तरी."

"दोन पावसाळे मी ह्यांना बोलतेय," पल्लवी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि जीपला माहीत होतं."

"माहीत म्हणता येणार नाही. हाडाला माहीत नसतं."

"तरी मला सोडून सगळ्यांना कळलं. हाडाला, लोखंडाला. गुळाचं पाणी पिणाऱ्या किड्यांना."

शमाने मग पुढचं सांगितलं. वाफेने विरजण उकळून काढता येतं. सगळे दात विरघळतात, नवं विरजण घालायचं, जीप कोऱ्या पाटीसारखी. कुणीही बसलं तरी शांत. मात्र मग पल्लवीचे हात पल्लवीपाशीच राहतील.

"आणि नाही उकळलं तर?"

"तर तुम्ही तिच्यात बसून घाट चढू शकाल. दुसऱ्या कुठल्याही गाडीपेक्षा सुरक्षित. पण विरजण सावकाश शिकतं. कंप हळू वाढला तर ते गाठेल. जोरात वाढला तर एखाद्या वळणावर ते मागे पडेल. आणि आधी सांगणार नाही. सांभाळून घेणं त्याला येतं काकू. सांगणं येत नाही."

परतताना चढ पल्लवीनेच घेतला. रणधीरने "मी घेऊ का?" असं विचारलं खरं, पण त्याची खानावळ झालेली होती. आयुष्यात पहिल्यांदा पल्लवीचं लक्ष रस्त्यापेक्षा हातांकडे होतं. हात स्थिर होते. दिसत तरी तसेच होते. त्या स्थिरपणात तिचं किती आणि लोखंडाचं किती, हे तिला कळेना. आपण धरलेलं स्टीअरिंग आपल्याला धरून आहे, असं तिला वाटलं.

घाटाच्या मधल्या टप्प्यावर पाण्याच्या टाक्याजवळ ते थांबले. रणधीरने थर्मास काढला, दोन पेले भरले आणि एक तिच्या हातात दिला. पल्लवीने पेल्यात पाहिलं.

"मला अर्धाच का?"

"सांडतो ना तुझ्याकडून," तो सहज म्हणाला. आणि मग त्याचा हात थर्मासच्या झाकणावरच थांबला.

"कधीपासून अर्धा देताय?"

त्याने आठवून पाहिलं. त्याला खरंच आठवेना. त्याने ठरवून काही केलं नव्हतं. एकदा सांडला असेल, मग जरा कमी ओतला, मग तेवढाच ओतायची सवय लागली. सुईत दोरा तो ओवून देत होता, चष्म्याच्या नावाखाली. बरण्यांची झाकणं तो लावत होता, तिला घाई असते म्हणून. त्या विरजणासारखंच, जिथे घासत होतं तिथे त्याने थोडं खरवडून दिलं होतं.

"तुम्ही पण," पल्लवी म्हणाली.

"मला कळलं नाही गं."

"तिलाही नाही कळलं म्हणे. मी रागवायचं कुणावर?"

तिने अर्धा चहा प्यायला. मग पेला पुढे केला. "आता पूर्ण भरा. सांडला तर सांडला."

सांडला. दोघांनी तो सांडताना पाहिला. मग पल्लवीला हसू आलं, कारण रणधीर खिशात रुमाल शोधत होता आणि रुमाल त्याच्याच खांद्यावर होता.

घरी आल्यावर तिने एकटीने हात पुढे केले आणि त्यांवर कागद ठेवला. वारा नव्हता. कागद पंख फुटल्यासारखा फडफडला.

पाटणच्या डॉक्टरांनी निदान केलं, कंपवात. आधी आला असतात तर बरं झालं असतं, असंही ते म्हणाले, डॉक्टर म्हणतातच. गोळ्या सुरू झाल्या, गोळ्यांनी फरकही पडला. राहिला प्रश्न तांबडीचा. वाफेची तारीख घ्यायची की नाही, हे शमाने फोनवर विचारलं तेव्हा पल्लवी जीपच्या बॉनेटवर कोपर टेकवून उभी होती.

"उकळू नकोस," ती म्हणाली. "तिला सांगता येत नाही म्हणालीस ना? तिला तोंड देता येईल का?"

शमाला प्रश्न समजायला थोडा वेळ लागला. मग तिने एक बोटभर पट्टी पाठवली. ती स्टीअरिंगच्या दांड्याला चिकटवली की विरजण किती जोर लावतंय तेवढी वीज तीतून निघे. पुढचं पल्लवीने पडवीत केलं. उष्णता दाखवणारा एक जुना काटा तिच्या सामानात पडून होता. त्याच्या तारा तिने पट्टीला जोडल्या आणि तो समोरच्या पत्र्यात बसवला. तारेची टोकं जुळवायला रणधीर लागला. या वेळी तिने "चष्मा" वगैरे काही म्हटलं नाही. सरळ म्हणाली, "हात कापतोय, तुम्ही धरा."

काटा म्हणजे आपल्याला किती सांभाळून घेतलं जातंय त्याचं माप. तो किती वर गेला की जीप सोडायची, हे शमाला विचारून ठरवलं, आणि पल्लवीने स्वतः तिथे लाल नेलपॉलिशने खूण केली. खूण थोडी वाकडी आली. तिने पुसून सरळ केली नाही.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, हे पल्लवी पुढे नेहमी सांगे. मध चांगला उतरला. चढ तिचाच राहिला. काटा दर बाजाराला दिसे, आणि एखाद्या दिवशी गोळी लागू पडली असेल तर तो जरा खालीही असे. त्या दिवशी ती टाक्याजवळ थांबून उगीचच जीपला दुसऱ्यांदा खाऊ घाले. मागे रणधीर खानावळीच्या झोपेत घोरत असे. आपल्याला लोखंडाने पोसलं, असं तिला वाटे. कुणाला सांगण्यासारखं वाटणं नव्हतं ते.

वर्ष उलटून गेल्यावर, आश्विनातल्या एका लख्ख दुपारी, टाक्याच्या अलीकडच्या वळणावर काटा खुणेला टेकला. काहीच झालं नाही. जीप हलली नाही, चाक घसरलं नाही, हाताखाली स्टीअरिंग शांत होतं. टेकला आणि तिथेच राहिला.

पल्लवीने जीप कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच ठेवलं.

"काय झालं?" रणधीर जागा झाला.

"तुम्ही या इकडे."

त्याने काट्याकडे पाहिलं. "जरासाच टेकलाय. काटे जुने असले की अडकतात. काचेवर टिचकी मार."

"टिचक्या मारून काटा खाली येईल. हात येतील का?"

पल्लवी उतरली, पुढे गेली आणि बॉनेटवर तळवा ठेवला. पत्रा गरम होता. "केलंस तेवढं पुष्कळ झालं बाई," ती म्हणाली, आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसली. तांबडीच्या या बाजूने चढ कसा दिसतो, हे तिला माहीतच नव्हतं.

"जेवण झालंय माझं," रणधीर म्हणाला.

"मग मी बोलत राहते."

त्याने जीप पुढे काढली. स्टीअरिंग लगेच थरथरू लागलं, काटा खुणेला टेकेल इतकं, आजवर उतारावर कधी थरथरलं नव्हतं इतकं. रणधीरने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पल्लवी शेजारी बसून ते बघत होती. तिचे हात मांडीवर होते. ते कापत होते, आणि त्याच्या हातांतलं चाकही कापत होतं, एकाच लयीत, जणू अजूनही दोघींमध्ये काठी होती.

"खूप आहे गं," रणधीर म्हणाला. "रोज एवढं असतं?"

"मला कुठे माहीत? मला कधी लागलंच नाही."

त्याने पकड सैल केली नाही. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत ती थरथर त्याच्या अंगात चढत गेली. एका वळणावर त्याने मान न वळवता म्हटलं, "तुझा हात धरल्यासारखं वाटतंय."

"उलटा आहे तो."

"चालेल."

पठारावरच्या टॉवरची रेंज येताच पल्लवीने शमाला फोन लावला. सगळं ऐकून झाल्यावर शमा म्हणाली, "उकळायची गरज नाही आता. काका दोन्ही वेळा चालवू लागले, की विरजण त्यांचे हात शिकेल. जे तुमच्यासाठी वाढवलंय ते हळूहळू खाऊन टाकेल. दोन पावसाळे लागतील."

"म्हणजे विसरेल मला."

"हो काकू. चांगली होईल जीप."

पल्लवीने फोन ठेवला आणि शमा काय म्हणाली ते रणधीरला सांगितलं. त्याने गिअर खाली घेतला. आता दर बाजाराला स्टीअरिंग थोडं थोडं शांत होत जाणार होतं, आणि शेजारच्या सीटवरचे हात होणार नव्हते.

"स्टीअरिंगवर तू बसत जा ना अधूनमधून," तो म्हणाला. "घराजवळच्या सपाटीवर. तिला आठवण राहील."

"कुणाला?" पल्लवीने विचारलं.

रणधीरने पुढचं वळण घेतलं. त्याचे कधीच न हलणारे हात तिच्या लयीत कापत होते, आणि ते थांबू नयेत म्हणून तो जीप अगदी सावकाश चालवत होता.